सामूहिक वनहक्क: दाव्यापासून आराखड्यापर्यंत ग्रामसभा, ग्रामपंचायत आणि वनखात्याची मोट कशी बांधायची

आमच्या गावाचा दावा पहिल्यांदा परत आला तेव्हा त्यावर एका ओळीचा शेरा होता: 'हद्द स्पष्ट नाही.' फाइल दीडशे पानांची होती. म्हाताऱ्यांचे जबाब, मोहाच्या झाडांची मोजणी, देवस्थानाचे फोटो, सगळं होतं. नव्हता तो शेजारच्या गावाच्या सह्यांचा एक कागद. त्या एका कागदापायी दीड वर्ष गेलं.

तुमच्या गावात आत्ता हे काम सुरू होत असेल, किंवा हक्कपत्र हातात आहे पण पुढं काय करायचं ते कळत नसेल, तर हे वाचा. अनुभव गडचिरोलीकडचा आहे. पालघर, नंदुरबार, मेळघाटात टोल्याला (छोट्या वस्तीला) पाडा म्हणतील आणि बोडीला (लहान तळ्याला) आणखी काही. कायदा तोच आहे.

आधी दोन कायदे डोक्यात नीट बसवा

पेसा (पंचायतींची व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांत नेणारा १९९६ चा केंद्रीय कायदा) सांगतो की अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या मुलखात, गावाचा कारभार ग्रामसभेच्या हातात. महाराष्ट्रात तो १३ जिल्ह्यांतल्या अनुसूचित भागाला लागू आहे, आणि राज्याचे पेसा नियम २०१४ चे आहेत. वनहक्क कायदा (२००६, नियम २००८ चे, मोठी दुरुस्ती २०१२ ची) सांगतो की गावानं पिढ्यान् पिढ्या वापरलेलं आणि राखलेलं जंगल सांभाळायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेचा. हा दुसरा कायदा पेसाबाहेरच्या गावांनाही लागू आहे. 'आपण पेसात नाही, म्हणजे आपल्याला मिळणार नाही' असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका.

लोक गोंधळतात ते इथं: जंगलाचा निर्णय ग्रामसभेचा, रस्ता-अंगणवाडी-नळयोजना ग्रामपंचायतीची, नकाशे भूमी अभिलेखचे, आणि कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) वनखात्याचे. जमीन मात्र एकच. हे चौघं वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी रेघ ओढत बसले की गाव मधल्या मध्ये लटकतं.

१. कुणाची ग्रामसभा, ते पहिल्या दिवशी ठरवा

गटग्रामपंचायतीत पाच-सहा टोले असतात. जंगल मात्र प्रत्येक टोल्याचं वेगळं असतं. पेसाखाली वस्ती, टोला किंवा टोल्यांचा समूह हे स्वतंत्र गाव धरता येतं. आमची पहिली वनहक्क समिती (दाव्याचं काम बघणारी) ग्रामपंचायत पातळीवर झाली होती. दहा-बारा किलोमीटरवरच्या टोल्यातले सदस्य आमच्या डोंगरावर कधी आलेच नव्हते, आणि पडताळणीच्या दिवशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलत होते.

पेसा क्षेत्रात असाल तर टोल्याचा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र गाव म्हणून प्रस्ताव टाका. सरपंचांना त्याच दिवशी प्रत द्या. 'आमच्यातून फुटायला निघाले' ही कुजबूज तिथंच थांबते. पंचायत मोडत नाही, सरपंच तेच राहतात, फक्त जंगलाचा निर्णय घेणारी सभा वेगळी होते. हे वाक्य मी शंभर वेळा बोललो असेन.

२. वनहक्क समिती आणि कोरम

समितीत १० ते १५ जण. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. आदिवासी नसलेल्या गावांत रचना थोडी बदलते, पण महिलांचं प्रमाण तेच.

सापळा कोरमचा आहे. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेची गणपूर्ती कमी असते, आणि सचिवाला तीच सवय. वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेचे किमान निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावातले सगळे प्रौढ. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर तीसजणांत उरकलेल्या सभेचा ठराव वर्षभरानं गळ्याशी येतो. सभा धानाच्या रोवणीत ठेवू नका, तेंदूच्या हंगामातही नको. आमच्याकडे पोळ्यानंतर माणसं सापडतात.

हजेरीच्या पानावर अंगठा असेल तर शेजारी नाव स्पष्ट अक्षरात लिहा.

३. शीव फिरून या

या पायरीला घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. वेळ द्या. आम्हाला सहा दिवस लागले.

आम्ही काय चुकलो ते आधी सांगतो. तरुण पोरं फोनमध्ये जीपीएस लावून पुढं, आणि म्हातारी माणसं धापा टाकत मागं. नकाशा सुरेख आला, आणि चुकीचा. पोरांनी गाडीवाटेनं हद्द धरली होती, कारण चालायला तीच सोपी. दुसऱ्या खेपेला आमच्या टोल्यातला एक आजा पुढं निघाला. टेकडीच्या माथ्यावर थांबला, बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं आणि काठीनं दाखवलं: "इकडं वाह्यते ते आपलं. तिकडं वाह्यते ते त्यायचं." पाणलोटाची रेघ आखायला त्याला नकाशा लागला नाही. आमच्या पहिल्या नकाशात त्या माथ्याच्या अलीकडची चाळीसेक एकर आम्हीच शेजाऱ्यांना देऊन मोकळे झालो होतो.

तेव्हा असं करा:

- पुढं जाणकार माणूस, त्याच्यामागं एक बाई जी त्या भागात मोहफूल, तेंदू किंवा वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणायला जाते, मग जीपीएसवाला. बायांना हद्द पुरुषांपेक्षा बारकाईनं माहीत असते, कारण भांडणं त्यांनाच झेलावी लागतात.
- प्रत्येक वळणावर थांबून नोंद घ्या: जागेचं गोंडी किंवा स्थानिक नाव, खूण काय (दगड, नाला, बोडी, जुनं मसणवट), तिथून काय आणलं जातं.
- दाट झाडीत फोनचं जीपीएस काही मीटर इकडं-तिकडं दाखवतं. एका ठिकाणी दोन मिनिटं उभं राहून मगच बिंदू घ्या.
- त्याच संध्याकाळी चौकात जमिनीवर खडूनं किंवा रांगोळीनं नकाशा काढा. लोक येता-जाता दुरुस्त करतात. कागदावरच्या नकाशाला कुणी हात लावत नाही.

संरक्षित असो, राखीव असो वा अभयारण्य, सामूहिक वनसंपत्तीच्या व्याख्येत हे सगळं बसतं. 'राखीव जंगलात दावा चालत नाही' असं सांगणारे भेटतील. चालतो.

४. शेजाऱ्यांची सही दाव्याआधी घ्या

एकच जंगल दोन गावं वापरत असतील किंवा हद्दीवर वाद असेल, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला द्यायचा, असं नियमच सांगतो. जमलं नाही तर ग्रामसभेनं तो वाद उपविभागस्तरीय समितीकडं पाठवायचा. व्यवहारात तिथं गेलेला वाद लवकर परत येत नाही. म्हणून तो गावातच मिटवा.

आम्ही दुसऱ्या खेपेला शेजारच्या तीन गावांना जेवायला बोलावलं. बैठक सकाळी, जेवण नंतर. उलटं केलं तर दुपारनंतर कुणी थांबत नाही. दोन गावांशी हद्द जुळली. तिसऱ्याशी एका नाल्याकाठच्या चराईवरून अडलं. शेवटी लिहिलं की नाल्याकाठचा पट्टा दोघांच्याही वापराचा, गुरं दोघांचीही येतील, बांबू कुणीच तोडणार नाही. अशी सामायिक जागा नकाशात वेगळ्या रंगानं दाखवता येते. ती दाखवली म्हणून दावा कमकुवत होत नाही.

मजकूर एका पानाचा पुरे: दोन्ही गावांची नावं, हद्दीच्या खुणा क्रमानं, सामायिक जागा, दोन्ही समित्यांच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, तारीख. ग्रामपंचायत वेगळी असेल तर दोन्ही सरपंचांनाही साक्षीदार म्हणून सही करायला सांगा. कायद्यानं ती लागत नाही. पण उद्या तोच सरपंच तालुक्याच्या बैठकीत 'मला विचारलंच नाही' असं म्हणत नाही.

५. कागद कुठून काय आणायचं

किमान दोन पुरावे लागतात. चार-पाच असू द्या.

- गावनकाशा: भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून
- निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाचे जंगल-चराई-पाण्याच्या वापराचे हक्क आणि रूढी नोंदवलेले जुने महसुली कागद): विदर्भात हे सोन्यासारखे कागद. तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळतात. अक्षर जुनं असतं, निवृत्त तलाठी वाचून देतात
- वनखात्याचा कक्ष नकाशा आणि कार्य आयोजनेतली (खात्याच्या जंगलकामाच्या आराखड्यातली) तुमच्या कक्षांची पानं: सरळ मागून मिळाली नाहीत तर माहिती अधिकारात
- दावेदार नसलेल्या वयस्कांचे लेखी जबाब
- देवस्थान, मसणवट, जुन्या विहिरी, बोड्या, चराईच्या जागा यांचे फोटो, प्रत्येकावर जागेचं नाव
- शेजारच्या गावांचे समझोते
- ग्रामसभेचा ठराव आणि हजेरी

नमुने तीन आहेत: 'अ' वैयक्तिक, 'ब' सामूहिक वापराचे हक्क, 'क' सामूहिक वनसंपत्ती. जंगलाचं व्यवस्थापन हवं असेल तर 'क' भरावाच लागतो. फक्त 'ब' भरून बसलेली गावं मी पाहिली आहेत. त्यांना निस्ताराचा हक्क मिळाला, आराखडा करायचा हक्क कागदावर आलाच नाही.

उपग्रहाचं चित्र जोडायला हरकत नाही, पण ते इतर पुराव्यांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी नाही. चित्रात दिसत नाही एवढ्यावरून दावा नाकारला तर आक्षेप घ्या.

६. पडताळणीचा दिवस

वनखातं आणि महसूल दोघांनाही लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. त्यांचे प्रतिनिधी हजर राहून कार्यवाहीवर नाव, हुद्दा, तारखेसह सही करतात, असं २०१२ च्या दुरुस्तीत आहे. ते आले नाहीत आणि मागाहून गैरहजेरीचं निमित्त करून हरकत घेतली, तर दावा एकदा फेरपडताळणीला ग्रामसभेकडं परत येतो. तेव्हाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

वनरक्षकाशी वाकडं घेऊ नका. आमच्याकडचा वनरक्षक पहिले दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानंच दाखवून दिलं की आमच्या यादीत एक कक्ष क्रमांक चुकलाय. तो चुकलेला क्रमांक वर गेला असता तर हक्कपत्रात भलताच डोंगर आला असता.

७. दावा देणं आणि पाठपुरावा

ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागस्तरीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेचा किंवा उपविभागस्तरीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या समितीकडंही जाता येतं.

आवक क्रमांकाशिवाय कागद देऊ नका. 'साहेब दौऱ्यावर आहेत, ठेवून जा' म्हटलं तरी शिक्का मारून घ्या. फेटाळला तर कारण लेखी मागा.

८. हक्कपत्र आलं, आधी ते वाचा

समारंभात हार घालून हक्कपत्र मिळतं आणि लोक ते काचेच्या चौकटीत लावतात. चौकटीत घालण्याआधी चार गोष्टी ताडून पाहा: हक्कपत्र ग्रामसभेच्या नावानं आहे का, क्षेत्र दाव्याइतकं आहे का, कक्ष क्रमांक बरोबर आहेत का, आणि कायद्यात नसलेल्या अटी घातल्यात का. अटी असतील किंवा क्षेत्र कमी असेल तर मुदतीत दाद मागा. अंतिम नकाशा करून सरकारी दप्तरात नोंद घेण्याचं काम महसूल आणि वनखात्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांत करायचं असतं. तीन महिन्यांनी जाऊन नोंदीची नक्कल मागा. ती आपोआप येत नाही.

हक्क आणि वापर यांत किती अंतर पडू शकतं याचं उदाहरण मेंढा (लेखा). गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क २००९ मध्ये मिळाला. स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडलं ते एप्रिल २०११ मध्ये, तेही तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. आता नियमच असा आहे की गौण वनोपजाचा (बांबू, तेंदू, मोहफूल अशा इमारती लाकूड सोडून असलेल्या जंगलच्या मालाचा) वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेली व्यक्ती देते. तरी नाक्यावर गाडी अडवली जाते. परवान्यासोबत हक्कपत्राची आणि ठरावाची प्रत ट्रकमध्ये ठेवाच.

९. आराखडा

वनहक्क समितीचं काम दाव्याचं. जंगल सांभाळायला ग्रामसभेनं वेगळी समिती नेमायची असते. माणसं तीच असली तरी चालतं, पण ठराव वेगळा करा.

आराखडा सल्लागाराकडून छापून घेऊ नका. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाच्या आराखड्यात दुसऱ्याच गावाच्या नदीचं नाव राहून गेलेलं मी वाचलंय. तुमचा आराखडा वीस पानांचा आणि वेड्यावाकड्या अक्षरात असला तरी चालेल.

जंगलाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाचं काम ठरवा. आमचे असे पडले: देवाची राई आणि पाणवठे, जिथं काहीच तोडायचं नाही; चराईचा पट्टा; बांबूचे पट्टे, आळीपाळीनं कापायचे; मोह आणि तेंदूचा भाग; आणि उघडी पडलेली टेकडी, जिथं चर आणि बांध.

बांबूच्या पट्ट्यात नियम एकच ठेवला, यंदाचा आणि गेल्या वर्षीचा कोवळा बांबू तोडायचा नाही. वास्त्यांवरून मात्र जोरात भांडण झालं. बाजारात वास्ते चांगल्या भावानं जातात, आणि तोडलेला प्रत्येक वास्ता म्हणजे पुढचा एक बांबू गेला. घरच्या भाजीपुरते आणायचे, विकायचे नाहीत, इथवर आलो. सगळे मनापासून तयार नाहीत, पण ठराव आहे.

आगीचा भाग नीट लिहा. मार्च-एप्रिलात मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि ती आग टेकडी चढते. तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणूनही जाळतात. 'आग लावू नये' एवढं लिहून काही होत नाही. आम्ही ठरवलं की मोहाच्या झाडाखालची जागा आधी झाडून स्वच्छ करायची, जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) फेब्रुवारीत काढायच्या, आणि हंगामात रोज पाळीनं चार माणसं फिरतील. पाळी चुकवणाऱ्याला दंड पन्नास रुपये. पहिल्या वर्षी सर्वाधिक दंड समितीच्या अध्यक्षाला बसला. त्यानं तो भरला, म्हणून बाकीच्यांनीही भरला.

तेंदूचा लिलाव ग्रामसभा करणार असेल तर ठेकेदाराची अनामत आधी खात्यात, मग तोडणी.

१०. आराखडा ग्रामपंचायत आणि वनखात्याच्या कागदात बसवा

वनखात्याची स्वतःची कार्य आयोजना असते. नियम सांगतो की समितीला आवश्यक वाटतील ते बदल करून ग्रामसभेचा आराखडा त्या आयोजनेशी जोडायचा. 'तुमचा आराखडा आमच्या आयोजनेविरुद्ध आहे' हे वाक्य ऐकू आलं तर हा नियम मराठीत छापून सोबत ठेवलेला बरा. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा आणि टकरीच्या जागांची यादी करा. आमच्याकडे दोनच निघाल्या: एका बांबूच्या पट्ट्यात खात्याची कटाई धरलेली होती, आणि चराईच्या जागी रोपवन. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यासोबत एक दिवस जंगलात गेला. रोपवन सरकलं, कटाई रद्द झाली. कार्यालयात बसून हे कधीच झालं नसतं.

आता ग्रामपंचायत. 'आमचं गाव आमचा विकास' आराखडा दरवर्षी होतो, आणि पैसा त्या आराखड्याप्रमाणे येतो. जंगलातले चर, बांध, बोडीचा गाळ ही कामं त्या आराखड्यात आणि रोजगार हमीच्या कामांच्या यादीत वेळेत गेली नाहीत तर तुमचा आराखडा कपाटात राहतो. पेसा गावात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी ग्रामपंचायतीला थेट येतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली आहे. एकट्या टोल्याला तालुक्यात कुणी विचारत नाही, तेव्हा या मार्गाचा विचार करण्यासारखा आहे.

उलट बाजूनंही मागणी येते, आणि ती रास्त असते. आमच्या सरपंचताई दुसऱ्या टोल्यातल्या. पाण्याची टाकी उंचावर हवी म्हणून त्यांनी टेकडीवरची जागा सुचवली. आम्ही तीच जागा गुरांच्या वाटेसाठी राखली होती. तीन सभा भांडणात गेल्या. चौथ्यांदा ताई, रोजगार सेवक, गुराखी आणि मी टेकडीवर गेलो. गुराख्यानं वीस पावलांवरची खडकाळ जागा दाखवली, जिथं गुरं जातच नाहीत. टाकी तिथं झाली.

अशा कामांसाठी वनहक्क कायद्यातच सोय आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी आणि पाइपलाइन, वीजवाहिनी, लहान तलाव वगैरे १३ प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येक ठिकाणी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तुटत नसतील तर. पण ग्रामसभेची शिफारस लागतेच. सरपंचांना हे सांगा: ही शिफारस ग्रामपंचायत देऊ शकत नाही आणि त्यांच्या लेटरहेडवरचा ठराव चालत नाही. ग्रामसभेचा ठराव आधी, मग प्रस्ताव वनखात्याकडं. हा क्रम पाळला तर काम लवकर होतं, हे त्यांना एकदा दिसलं की पुढच्या वेळी त्या स्वतःच सभा बोलावतात.

११. वही

ठराववही, हक्कपत्र, नकाशा, समझोते: तीन संच करा. एक समितीच्या सचिवाकडं, एक ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेर राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडं. फोनमध्ये फोटोही काढून ठेवा. आमची पहिली ठराववही समाजमंदिराच्या लाकडी कपाटात होती. पावसाळ्यानंतर उघडली तर वाळवीनं हजेरीची पानं खाल्ली होती आणि पुठ्ठे तेवढे शाबूत होते. आता वही पत्र्याच्या पेटीत असते, पेटी विटांवर, आणि किल्ल्या दोन: एक अध्यक्षाकडं, दुसरी अंगणवाडीच्या मदतनीसबाईंकडं, कारण त्या रोज गावातच असतात.